पुरावा मागणारे इवाई

सूर्य उगवला असं सांगितलं, तर खिडकीशी जाऊन खात्री करून येईल, असा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच आहे आणि तो नेमका माझ्याच नात्यात आला. आमचे अकोल्याचे इवाई, म्हणजे माझ्या सुनेचे वडील. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण घरात-दारात वापरला तो एकच शब्द, "पुरावा?" भाजीवाली म्हणाली मेथी आज सकाळचीच आहे, की यांचं "पुरावा?" ती बिचारी जुडी यांच्या नाकाला लावते, हे हुंगतात, मग पिशवी उघडतात. डॉक्टरनं बीपी वाढल्याचं सांगितलं, तर यांनी तो पट्टा आधी डॉक्टरच्याच दंडाला गुंडाळायला लावला. सोयरीक जुळवायच्या बैठकीत मी सहज बोलून गेलो, की माझ्या बागेत संत्र्याची चारशे झाडं आहेत. बैठकीत माणूस असं गोल आकड्यात बोलतो. पुढच्या रविवारी हे गृहस्थ डोक्याला रुमाल बांधून, हातात खडू घेऊन बागेत हजर. एकेका बुंध्यावर रेघ ओढत दिवसभर फिरले आणि दिवे लागायच्या सुमारास मला म्हणाले, "इवाई, तीनशे सत्त्याऐंशी." पोरगी दिली त्यांनी, पण ती तेरा झाडं मी त्यांना अजून माफ केलेली नाहीत.

या माणसाच्या दारी मी आपल्या पायानं जाईन असं मला वाटलं नव्हतं. गुडघा दाखवायला म्हणून मी शहरात, राजापेठेत मुलाकडे मुक्कामाला होतो. नात पूनम कॉलेजात इंग्रजी घेऊन शिकते. तिला अभ्यासाला एक नाटक होतं. परदेशातलं जुन्या काळचं एक फार कर्मठ गाव. तिथल्या पोरी रानात नाचताना सापडतात आणि आपल्यावरचं टाळायला गावातल्या बायांची नावं घेतात, की ह्या चेटकिणी आहेत. मग कोर्ट बसतं, माणसं फासावर जातात. यात खरा दोष कोणाचा, यावर तिला सोमवारी निबंध द्यायचा होता आणि वर सर तोंडी विचारणार होते. पोरगी दोन दिवस पुस्तक उघडत होती, मिटत होती.

मी म्हणालो, "मले सांग. चौथी शिकलो म्हणून काय झालं? गावातले किती भांडणं तोडले म्या."

तिनं सांगितलं. मी पाय पसरून ऐकलं आणि निकाल दिला, "त्या बायाइनं काही ना काही केलं असन. सारं गाव उगीच म्हणते का?"

पूनमनं पुस्तक मिटलं. "आबाजी, हे लिहिलं तर सर मले वर्गाबाहेर काढतीन. मी अकोल्याले नानाकडे जातो."

एकट्या पोरीला कसं पाठवायचं, असं म्हणून मीही एसटीत बसलो. खरं कारण असं, की सगळं श्रेय त्या खडूवाल्याला एकट्याला मिळू द्यायचं नव्हतं.

इवायांनी उत्तर सांगितलं नाही. ते कधीच सांगत नाहीत. त्यांनी बायकोची, म्हणजे आमच्या इनबाईंची, शाल डोक्यावरून घेतली, पाटावर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मी म्हातारी. माह्यावर चेटकाचा आळ हाय. इवाई, तुमी न्यायाधीश."

"मीच काहून?"

"आवाज तसाच हाय तुमचा."

इनबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून हसत होत्या. पण एकदा खुर्चीवर बसवल्यावर मी काही कमी पडणारा नाही. घसा साफ करून म्हणालो, "बाई, तू करणी केली."

"पुरावा?" शालीतून आवाज आला.

"लिंबू सापडलं."

"कुठं?"

"धुऱ्यावर. कुंकू लावलेलं, टाचण्या टोचलेलं. आठ दिवसांत संत्र्याचा आंबिया बहार गळून गेला."

"ठेवताना कोणं पाह्यलं?"

"पाह्याचं काय त्यात? वावर तुमचं लागून, धुरा तुमचा. सारे म्हणून राहिले."

"साऱ्याइले पयले कोणं सांगतलं?"

पूनमनं लिहिता लिहिता मान वर केली. "आबाजी," ती हळूच म्हणाली, "नाटकात लिंबू नाही."

नव्हतंच. लिंबू माझ्या वावरातलं होतं. माझ्या धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, कौसल्याबाईचं वावर. तीन वर्षांपूर्वी तिचा बहार टिकला, माझा गळला, आणि मी चहाच्या टपरीवर दहा माणसांत सांगितलं, की तिनं लिंबू टाकून करणी केली. तेव्हापासून गावातल्या बाया तिला हळदीकुंकवाला बोलवेनात. महिन्याभरानं माझी बायको म्हणाली, "ते लिंबू तं मीच ठेवलं होतं, बागेले नजर लागू नये म्हणून. तुमी रागावसान म्हणून बोलली नाई." मी तिलाच गप्प केलं. दहा माणसांत बोललेला शब्द माझ्यासारखा माणूस परत कसा घेणार? पुढच्या वर्षी बायको गेली. जाताना एकदा म्हणाली, "कौसल्येले सांगजा." मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही. हे सारं मी त्या खुर्चीवर बसून, कोणी न विचारता, बोलून टाकलं.

इवायांनी शाल काढून घडी घातली. मला वाटलं, आता हा माणूस तेरा झाडांसारखं हेही जन्मभर माझ्या नावावर मांडणार. पण ते एवढंच म्हणाले, "मंग साक्षीदार आता तुमी एकलेच उरले, इवाई." पूनमनं तिथंच बसून निबंध लिहिला. त्यात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. सरांनी वर्गात वाचून दाखवला म्हणे.

गावी आलो आणि चार दिवस गुडघ्याचं निमित्त करून घरात बसलो. पाचव्या दिवशी त्याच टपरीवर गेलो, माणसं दहा होईस्तोवर दोन चहा प्यालो आणि उभं राहून सांगितलं. कोणी हसलं नाही, तेच जड गेलं. मग कौसल्याबाईच्या दारात गेलो. ती तूर पाखडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "तीन वर्सं लागले तुमाले?" आणि सूप घेऊन आत गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पंधरा दिवसांनी मी बागेत होतो. धुऱ्यापलीकडून आवाज आला, "ओ भाऊ, पाइप फुटला तुमचा. पानी माह्या वावरात येऊन राह्यलं." तीन वर्षांत तिनं मला पहिल्यांदा हाक मारली. पाइप तसाच वाहता ठेवून मी आधी अकोल्याला फोन लावला.

"इवाई, कौसल्याबाई बोलली."

मी पुराव्याची तयारी ठेवली होती. फोन धुऱ्याकडे धरून तिचा आवाजच ऐकवणार होतो. पण त्यांनी पुरावा मागितलाच नाही. म्हणाले, "बरं झालं." बस, एवढंच.

इतक्या वर्षांत या माणसानं माझा शब्द पहिल्यांदा नुसता ऐकून खरा मानला. मला आनंद व्हायला हवा होता. पण पाइप बांधता बांधता मनात येत राहिलं, की इवाई थकले असतील का. आता संक्रांतीला ते येतील तेव्हा मी त्यांना पुन्हा सांगणार आहे, की माझ्या बागेत चारशे झाडं आहेत. खडूचा डबा आणून ठेवला आहे. बघू, मोजायला उठतात का.