गप्पांचं इतिवृत्त

कुठलीही नवी गोष्ट समोर आली, की आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आधी सदऱ्याच्या खिशावर दोन बोटं आपटायचे आणि विचारायचे, "चावी कोणाकडे?"

सोसायटीला पाण्याचा नवा पंप घ्यायचाय. चावी कोणाकडे? मुलांसाठी कॅरम आणलाय. चावी कोणाकडे? पंपाला कसली चावी काका, असं कोणी म्हणालं की उत्तर तयार असायचं, "पंपाला नसेल, पंपाच्या खोलीला आहे ना?" असा एक माणूस तुमच्याही इमारतीत असेल. तो जिन्यात दिसला की आपल्याला नेमका तेव्हाच फोन येतो.

या प्रश्नामागे इतिहास होता. मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीच्या गच्चीची चावी बिल्डरने कित्येक वर्षं स्वतःकडेच ठेवली होती. कोजागिरीला वर जायचं तरी त्याच्या ऑफिसात अर्ज द्यावा लागे. एका वर्षी तो ऑफिस बंद करून गावाला गेला आणि अख्ख्या सोसायटीने जिन्यात बसून मसाला दूध प्यायलं. चंद्र कोणालाच दिसला नाही. त्यानंतर काका सेक्रेटरी झाले आणि पहिल्याच महिन्यात गच्चीची चावी घेऊन आले. ती कायम त्यांच्या खिशात असे.

मी अंधेरीच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे. फावल्या वेळात आम्ही दहा-बारा जण मिळून मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम करतो. ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड उघडा आहे. कोणीही घ्यावा, बघावा, सुधारावा. काकूंची नजर काचबिंदूने गेली, तेव्हा मी तो त्यांच्या कम्प्युटरवर बसवून दिला. आठ दिवसांनी काका फुलस्केप कागद घेऊन दारात उभे.

"तुझी बाई मराठी वाचते, पण हिंदीतून."

तक्रार खरी होती. आमच्या प्रोग्रॅममधल्या बाईंना चहाचा च आणि चुलीचा च एकच वाटत असे. आपल्याला हे कोणी शिकवत नाही, पण यंत्राला शब्दागणिक सांगावं लागतं. चूल, चाक, चोर, चव. काकू ऐकून चुका पकडायच्या आणि काका कागदावर उतरवून घ्यायचे. अशा तऱ्हेने, कोडची एक ओळही न वाचता, ते आमच्या प्रकल्पात आले.

आमची चर्चा तेव्हा ईमेलवर चालायची. सगळ्या मेल आमच्याच सर्व्हरवर साठायच्या आणि त्या कोणालाही वाचता यायच्या. फक्त कोणी वाचत नसे. म्हणून मीच सुचवलं, की ज्याच्या त्याच्या फोनवर असतं त्या चॅट ॲपवर आपला ग्रुप काढू. रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसात बैठक बसली. खिशावर बोटं आपटली गेली.

"चावी कोणाकडे?"

"काका, फुकट आहे ते," बोरिवलीहून आलेला आमचा सहकारी ओंकार म्हणाला.

"फुकट आहे ते कळलं रे. कोड उघडा ठेवायचा आणि बोलायला दुसऱ्याच्या घरात जाऊन बसायचं? उद्या कंपनीने कुलूप लावलं तर?"

"एवढी मोठी कंपनी आपल्याला कशाला कुलूप लावेल यार?"

"बिल्डरपण मोठाच होता."

मी वैतागले. म्हटलं, "काका, मेल कोण वाचतं हो आता? ज्यांच्यासाठी हे करतोय ती माणसं तिथे आहेत ना!"

त्यांची बोटं खिशावरून खाली आली. "हे मात्र खरं. माणसं तिथे असतील तर जायला हवं." आणि मग हात वर करून त्यांनी विरोधात मत दिलं. एकट्यानेच. "ठराव बहुमताने मंजूर. मीही येतो. पण मिनिट्स मी लिहिणार."

ग्रुप काढला आणि माझं म्हणणंही खरं ठरलं, हे सांगायलाच हवं. ईमेलवर कधी न फिरकलेली माणसं धडाधड येऊ लागली. घाटकोपरला अंध मुलांच्या शाळेत शिकवणाऱ्या, स्वतःही अंध असलेल्या सविताताई बसस्टॉपवरून आवाजी निरोप पाठवायच्या, "अगं, ही 'जवळ' अजून चुकीचं म्हणतेय हं." त्यांना मेल कधीच जमली नसती. वर्षभरात इतके शब्द आले, की मी ते कोडमध्ये घालायचा कंटाळा करू लागले. ग्रुपवर आहेत ना, शोधू कधीतरी, असं म्हणून पुढे ढकलत राहिले.

काका मात्र दर रविवारी दुपारी जुन्या ईमेलच्या पत्त्यावर आठवड्याच्या गप्पांचं इतिवृत्त पाठवायचे. अगदी सोसायटीच्या सभेसारखं. "श्रीमती सविताताई यांनी 'जवळ' हा शब्द मांडला. श्री. ओंकार यांनी अनुमोदन दिले. शब्द मंजूर." कोणी सकाळी सकाळी गुलाबाचं चित्र टाकलं, तर त्याचीही नोंद असे, "एका सभासदाने फुले पाठवली. सभेने नोंद घेतली." आम्ही हसून बेजार व्हायचो. दोन-तीन आठवडे हसलो, मग मी एक सोय केली. त्यांची मेल आली की न उघडता एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडायची.

अशी तीन वर्षं गेली. मग एप्रिलमधल्या एका मंगळवारी ऑफिसात फोन बघते, तर ग्रुप नाही. नियमभंगामुळे बंद केला आहे, एवढी एक ओळ. कुठला नियम, ते नाही. आम्ही तक्रार केली, तिला यंत्रानेच उत्तर दिलं. कदाचित शब्दांच्या लांबलचक याद्या बघून त्या यंत्राला आम्ही जाहिरातवाले वाटलो असू. खरं कारण आजही माहीत नाही.

जूनपासून सविताताईंच्या शाळेत मुलं आमच्या प्रोग्रॅमवर धडे ऐकणार होती. तीन वर्षांचे शब्द ग्रुपबरोबर गेले होते आणि कोडमध्ये त्यातले मूठभरच होते. बाकीच्यांची वाट माझ्या आळसाने लावली होती. मुलं धडे ऐकणार, तेही हिंदीतून मराठी बोलणाऱ्या त्याच बाईकडून. मी काकांना फोन लावला.

"काका, ग्रुप गेला. सगळे शब्द गेले."

"मिनिट्स वाचत नाहीस वाटतं?"

मी तो फोल्डर उघडला. एकही रविवार चुकला नव्हता. प्रत्येक शब्द होता, कोणी मांडला, कोणी तपासून हो म्हटलं, सगळं तारीखवार. चॅटमध्ये शोधत बसले असते तर महिना गेला असता आणि इतकं स्वच्छ काही हाती लागलं नसतं. ज्याला आम्ही हसलो होतो ते "अनुमोदन" म्हणजे शब्द दोघांनी तपासल्याची खूण होती. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत जाऊन रडले, मग दोन समोसे खाल्ले. इतकं सुटल्यासारखं मला बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी पेढे घेऊन वर गेले आणि कबुली दिली, "काका, पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर तुमच्या मेल मी उघडल्याच नाहीत. सरळ एका फोल्डरमध्ये टाकायचे."

"म्हणजे फाइल केल्यास ना? सोसायटीत तर लोक माझ्या मिनिट्सवर भेळ खायचे."

आता ते "चावी कोणाकडे?" म्हणणार, म्हणून मी मान खाली घालून बसले होते. त्यांनी फक्त पेढा अर्धा करून काकूंच्या हातात दिला आणि म्हणाले, "नवा ग्रुप कधी काढताय?"

"परत? तुम्ही सांगताय?"

"सविताबाईंना मेल जमत नाही. त्यांना काय बाहेर ठेवायचं? गप्पा नाक्यावरच होतात गं. कागद तेवढे संध्याकाळी घरी आणायचे."

तेव्हापासून आमचा कारभार असाच चालतो. ग्रुप दुसऱ्याच्या ॲपवर आणि प्रत्येक शब्द त्याच आठवड्यात आमच्या सर्व्हरवर. जूनमध्ये मी काकांना घाटकोपरच्या शाळेत घेऊन गेले. एका मुलीने धडा लावला. बाई वाचू लागल्या आणि चूल अगदी चुलीसारखी पेटली. काकांनी खिशावर दोनदा बोटं आपटली. त्यांनी ते ऐकलं, याचं मला आजही फार बरं वाटतं.

दिवाळीनंतर एका दुपारी ते झोपेतच गेले. गच्चीची चावी नव्या सेक्रेटरींकडे गेली.

तेराव्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी काकूंचा फोन आला. "आज मिनिट्स नाही आले गं."

मी गडबडले. "काकू, तुम्ही वाचायचात?"

"ऐकायचे. दर रविवारी चारच्या चहाला. तुझी बाई वाचायची आणि हे कागद घेऊन समोर बसायचे. बाई चुकली की लगेच लिहून घ्यायचे. इतकी वर्षं दुसरं काय ऐकत होते मी?"

कोणी वाचत नाही, तरी हा माणूस का लिहितो, असं आम्ही एकमेकांना विचारायचो. विचारायला वरच्या मजल्यावर कोणी गेलं नव्हतं.

मी लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेले आणि त्यांच्यासमोर बसून आठवड्याचं इतिवृत्त लिहिलं. शब्द तीन मांडले गेले, तिन्ही मंजूर. एका सभासदाने फुले पाठवली. सभेने नोंद घेतली. शेवटी लिहिलं, "सेक्रेटरी अनुपस्थित. त्यांची रजा मंजूर करावी, अशी सूचना."

बाईंनी ते सगळं न चुकता वाचून दाखवलं. काकूंनी कप खाली ठेवला.

"लिही," त्या म्हणाल्या. "अनुमोदक मी."