हा भंडारा कोन्या देवाचा?

निवडणूक लागली की आमच्या धान्य व्यापाऱ्यांच्या संघटनेला भंडारा आठवतो. प्रत्येक अडत दुकानातून वर्गणी गोळा होते, बाजार शुल्क वाढू नये म्हणून ती उमेदवारांकडे जाते, आणि नाव लागतं भंडाऱ्याचं, म्हणजे देवाच्या नावानं घालायच्या जेवणाचं; जेवण मात्र कधीच होत नाही. यंदा मला ते पचेना. अध्यक्ष माझे सख्खे मोठे भाऊ, दुकान आम्हा दोघांचं. दादांशी वाकडं घेतलं तर घरात दोन चुली होतील, ही धास्ती. बैठकीत विचारायला उठलो आणि चपला शोधल्यासारखं करून पुन्हा बसलो. स्वतःचाच राग आला.

शेवटी दुकानात तोंड उघडलं.

"दादा, पैसा गेला कोनाले, तेवढं तरी सांगा ना."

"तुले कायले पाह्यजे नाव?" सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून ओल पाहत ते म्हणाले. "काम होऊन राह्यलं ना?"

माझा जीव काही थाऱ्यावर येईना.

वर्गणी चुकवणाऱ्यांना लाज वाटावी म्हणून दादांनी आमच्या दुकानाच्या दिवाणजींना देणाऱ्यांचे आभार लिहायला सांगितले. त्या भल्या माणसानं ते थेट दुकानाबाहेरच्या भावफलकावर, तुरीच्या भावाखाली लिहिलं: 'भंडाऱ्यासाठी हातभार लावणाऱ्या सर्व सभासदांचे आभार.' वर रोजच्यासारखा वार होताच, म्हणून वाचणाऱ्यांना वाटलं भंडारा आजच आहे.

दुपारी यार्डात पंगती बसल्या. माल घेऊन आलेले शेतकरी, हमाल, त्यांची बायकापोरं. यांना उठवणार कोण आणि काय सांगून? दादांनी घाम पुसत आचारी बोलावला, पुन्हा वर्गणी काढली. दिवस कलता कलता पोळ्या, वांग्याची भाजी आणि बुंदी तयार झाली. अध्यक्षांसकट आम्ही सगळे वाढायला लागलो. मला हसू येत होतं.

केनवडहून आलेल्या एका मावशींनी पत्रावळ पुढे सरकवली.

"भाऊ, हा भंडारा कोन्या देवाचा हाय?"

दादा शेजारीच बुंदी वाढत होते.

"तेच तं मी दादाले इचारून राह्यलो, मावशी," मी म्हणालो. "त्यायले नाव सांगाचं नाही."

पंगत हसली. दादांनी बुंदीची परात माझ्या हातात दिली आणि ते घरी गेले.

शुल्क वाढलं नाही. देवाचं नावही कळलं नाही. दुकानात आम्ही समोरासमोर बसतो. दादांना मला काही सांगायचं असलं की ते दिवाणजींकडे पाहून म्हणतात, "त्याले सांगा."