कोनच्या निवट्या आणि मी बीएस्सी

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. नाशिकच्या शाळेत नोकरी पक्की व्हायची तर मुख्याध्यापकांसमोर एक पाठ घ्यायचा होता. विषय मीच निवडला, कमी प्राणवायूच्या पाण्यात मासे कसे जगतात. वर तोऱ्यात सांगून आले, "जिवंत मासे आणून दाखवते!" आता आणणं भाग होतं.

शनिवारी एसटी पकडली. कसाऱ्याला गरम वडापाव, मग भिवंडी, तिथून कल्याण रस्त्याने शेअर रिक्षात कोंबून कोन गाव. तिथे माझे मामा-मामी राहायचे, मामीचा सगळा जन्म खाडीकाठी गेलेला. तुम्ही जाणार असाल तर ओहोटीची वेळ विचारून जा आणि चपला घरीच ठेवा. तिथला चिखल घेतलेली चप्पल परत देत नाही.

काठाशी बोय मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. "अगं बाई, किती मासे!" मी खूश.

"खूश नको होऊ," मामी म्हणाली. "पान्यात दम न्हाय ऱ्हायला, म्हणून वर आल्यात."

चिखलात मात्र निवट्या मजेत उड्या मारत होत्या. बोटाएवढा मासा, टपोरे डोळे, आणि चक्क पाण्याबाहेर! मामीने कोपरापर्यंत हात बिळात घालून एक ओढून काढली. "हिचं पान्यावाचून अडत न्हाय. वरचा वारा घेते ती."

रविवारी सहा निवट्या डब्यात पडल्या. "बोटभर पानी घाल, जास्त न्हाय," मामीने बजावलं. मी मान डोलावली. पण मी बीएस्सी! माशाला पाणी कमी पडून कसं चालेल? तिची पाठ वळताच खाडीचं पाणी काठोकाठ भरलं, झाकण गच्च लावलं.

सोमवारी पहिल्या एसटीने थेट दुपारच्या शाळेत. वर्गात झाकण उघडलं, तर सहाही मेलेल्या. मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसलेले. प्रवासात दगावल्या म्हणून सुटता आलं असतं, पण मला मामीचं "बोटभर पानी" आठवलं आणि लाज वाटली.

"मुलांनो, हे मासे बुडून मेले. मी बुडवले."

वर्ग खो-खो हसला. मग एका मुलीने विचारलं, "बाई, मासा कसा बुडेल?"

तिथून पाठ असा रंगला की घंटा कुणाला ऐकूच आली नाही. नोकरी पक्की झाली.

मी कोनला सगळं कळवलं. मामांच्या अक्षरातलं उत्तराचं पोस्टकार्ड अजून माझ्या कपाटात आहे: "मामी म्हणते, नोकरी लागली ते झ्याक झालं. पन सहा निवट्या फुकट घालवल्या, कालवण झालं असतं."