आमच्या ह्यांचा जगाचा इतिहास

चौतीस वर्षं मी सांगलीतल्या एका शाळेत इतिहास शिकवला. त्या चौतीस वर्षांत आमच्या ह्यांनी मला इतिहासातला एक प्रश्न विचारला नाही. हे साखर कारखान्यात केमिस्ट होते. घरी आले की उसाचा उतारा, रसाची शुद्धता आणि चेअरमनची मर्जी, यापलीकडे बोलणं जायचं नाही. माझा विषय म्हणजे सनावळ्या, आणि सनावळ्या पाठ करायला काय डोकं लागतं, असं त्यांचं मत होतं. मी पेपर तपासत बसले की टीव्हीचा आवाज मात्र कमी करायचे. तेवढाच माझ्या विषयाचा मान.

मग हे निवृत्त झाले, लेकीने मोठ्या स्क्रीनचा फोन पाठवला, आणि एका सकाळी मी भाकरी थापत असताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "अगं, तुला माहितीय का, फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली होती."

माझा हात परातीतच राहिला.

"हो का? कशामुळे?" मी विचारलं.

"राणी म्हणाली, पाव मिळत नसेल तर केक खा. लोक भडकले. डोकंच उडवलं तिचं."

"राणी असं म्हणाली याला पुरावा नाही," मी म्हटलं.

"व्हिडिओत आहे," हे म्हणाले आणि पुढचा व्हिडिओ लावायला निघून गेले.

ते व्हिडिओ मलाही ऐकावे लागले, कारण हे कानात काही घालत नाहीत. श्वास न घेता बोलणारा एक तरुण आवाज, मागे ढोल, आणि नकाशावर सरसर पळणारे लाल बाण. आमच्या गॅसवर दूध वर येईपर्यंत रोमन साम्राज्य पडलेलं असायचं. नव्वद सेकंदांचा एक व्हिडिओ, आणि ते नव्वद सेकंदसुद्धा ह्यांना लांबण वाटायची, म्हणून वेग वाढवून बघायचे. दर गोष्टीला एकच कारण. रोम पडलं शिशाच्या नळांमुळे. पहिलं महायुद्ध झालं कारण एका ड्रायव्हरने गाडी चुकीच्या गल्लीत घातली. आणि फ्रान्सचा सम्राट रशियात हरला, कारण त्याच्या सैनिकांच्या कोटाची बटणं कथलाची होती आणि थंडीत त्यांचा भुगा झाला. हे बटणांचं प्रकरण ह्यांना फार आवडलं. केमिस्ट ना! आमच्या विश्रामबागेतल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला त्यांनी ते ऐकवलं, भाजी घेताना सुद्धा. उसाच्या रसाचा एक नमुना तीनतीनदा तपासणारा माणूस, पण एवढी मोठी फौज बटणं गेल्यामुळे गारठून मेली, हे त्याने एकदाही तपासलं नाही.

दोन महिन्यांत हे जगाच्या इतिहासाचे जाणकार झाले. तिसऱ्या महिन्यात आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने त्यांचं व्याख्यान ठेवलं. फळ्यावर लिहिलं होतं, 'जगाचा इतिहास: एका तासात'. मंडळात मीही आहे. मी इतिहासाची शिक्षिका होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. हळदीकुंकवाचं नियोजन मात्र माझ्याकडे आठवणीने येतं.

तरी मी अकरा पानं टिपणं काढून दिली. म्हटलं, निदान चारचौघांत चुकीचं तरी बोलू नये. ह्यांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, "तू फार फाटे फोडतेस. लोक झोपतील."

व्याख्यानाला हॉल भरला होता. ह्यांनी पिरॅमिडपासून सुरुवात केली आणि चहा यायच्या आत अमेरिकेचा शोध लावला. शिशाचे नळ झाले, केक झाला, बटणांना टाळ्या पडल्या. मग आफ्रिका आली. "युरोपातले लोक जमले, नकाशावर पट्टीने रेघा मारल्या, आफ्रिका वाटून घेतली. पुढे!"

तेव्हा मागच्या रांगेतून एक हात वर झाला. ते साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते. मुलीकडे राहायला आलेले, मंडळात नवे. ते उभे राहिले, अगदी ताठ.

"सायेब, एक इचारू का? मी शांतिसेनेत हुतो, काँगोला. तिथल्या एका म्हाताऱ्यानं मला सांगितलं, त्येच्या आज्याचा हात तोडला हुता. रबर कमी भरलं म्हणून. ही काय भानगड हुती? कुणी तोडला?"

हे हसून म्हणाले, "त्याचा वेगळा व्हिडिओ असेल. बघून सांगतो तुम्हाला."

लोक हसले. सुभेदार "बरं" म्हणून खाली बसले, आणि हे दुसऱ्या महायुद्धाकडे वळले. शेवटी शाल, नारळ, फोटो. माझी एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन आली होती, ती माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "बाई, सरांनी काय सुंदर सांगितलं! तुम्ही असं शिकवलं असतं तर मला इतिहास आवडला असता." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते?

घरी जाताना ह्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"आवाज खणखणीत होता," मी म्हटलं. हे खूश झाले.

दोन दिवसांनी सुभेदार घरी आले. हे बाहेर गेले होते, म्हणून मी त्यांना थांबायला सांगितलं, तर ते म्हणाले, "आवं बाई, मी सायबास्नी भेटाय न्हाई आलो. तुमच्याकडंच आलोय. तुमी इतिहासाच्या बाई न्हवं? तुमी सांगा."

मी मोठ्या ऐटीत खुर्ची ओढून बसले आणि बोलायला तोंड उघडलं. बेल्जियमचा राजा, रबर, अत्याचार. एवढ्यावर माझा धडा संपला. आमच्या पुस्तकात आफ्रिकेच्या वाटणीला अर्धं पान होतं. ते मी दरवर्षी एका तासात उरकायची. कारणे लिहून घ्या: एक, आर्थिक. दोन, राजकीय. तीन, धार्मिक. नकाशा रंगवून आणा. घंटा. तो हात कुणाचा, तोडला कुणी, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

"मला एवढंच माहीत आहे," मी म्हटलं.

"तेवढं मला बी म्हाईत हाय," सुभेदार म्हणाले. त्यात कुत्सितपणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी लेकीला सांगून काँगोवरचं एक पुस्तक मागवलं. जाडजूड, इंग्रजी, बारीक टायपाचं. शेजारी शब्दकोश ठेवून वाचायला लागले. दर गुरुवारी दुपारी चार वाजता सुभेदार यायचे, मी आठवडाभरात वाचलेलं मराठीत सांगायची. रबर आणायला माणूस जंगलात गेला की तो परत येईपर्यंत त्याच्या बायकोला कोंडून ठेवत. राजाच्या शिपायाला दिलेली गोळी वाया गेली नाही हे दाखवायला मेलेल्या माणसाचा हात आणून द्यावा लागे. गोळी शिकारीत उडवली असेल तर तो जिवंत माणसाचाच हात तोडून आणी. हे सांगितलं त्या दिवशी सुभेदार म्हणाले, "आमच्यात बी गोळीचा हिशोब द्याया लागायचा. रिकामी पुंगळी जमा कराया लागायची." त्यांनी पाणी मागितलं. मी आणून दिलं.

एका गुरुवारी आमचे हेही येऊन बसले. दहा मिनिटं ऐकलं, मग विचारलं, "शेवटी काय झालं? त्या राजाला शिक्षा झाली का?"

"नाही."

"मग ह्यात सांगण्यासारखं काय आहे?" म्हणून उठून गेले.

आता ह्यांचा इतिहास संपला आहे. सध्या कृष्णविवरं चालू आहेत. तिथे काळ थांबतो, असं त्यांनी मला इडलीचं पीठ ढवळत असताना सांगितलं. मी "हो का" म्हटलं. मंडळाने ह्यांना पुढच्या महिन्याची तारीख विचारली आहे.

सुभेदार परवा गावाकडे गेले, भुईमूग काढायला. पंधरा दिवस येणार नाहीत. जाताना दारात वळून म्हणाले, "बाई, मी येईस्तवर फुडं वाचू नगा."

मी बरं म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी जेवण आटोपल्यावर दोन प्रकरणं वाचून काढली.