कशिद्याची खोळ

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे कमरीपेठेतले अण्णा माणसांशी मराठीत बोलतात, मशीनशी कन्नडमध्ये. आमचा कॉम्प्युटर मध्येच धावायचा, मध्येच रखडायचा. "याकप्पा?" म्हणजे 'का रे बाबा?' असं त्याला विचारत त्यांनी सीपीयूवरची खोळ काढली.

"सर, हिच्यामुळं हवा लागत नाही. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. खोळ नको."

तेवढ्यात माझी बायको चाचपत आली. दृष्टी जाण्याआधी तिनं भरलेला शेवटचा कशिदा त्या खोळीवर आहे. रोज ती त्यावरून बोटं फिरवते. आज बोटांना नुसता पत्रा लागला.

"खोळ कुठाय?"

अण्णांनी कशिद्याकडे आणि तिच्या बोटांकडे पाहिलं. मग प्रोसेसर तापूच नये म्हणून त्यांनी त्याचा वेग कायमचा कमी करून टाकला आणि खोळ पुन्हा नीट चढवली.

"काही नाही अक्का, हा उगीच घाई करत होता. सावकाश चाल म्हणून सांगितलंय."