आईच्या तोंडात रोबोटचा हात

आज कोल्हापुरात आईच्या जबड्यात इम्प्लांटचे स्क्रू बसवले, तेही रोबोटच्या मदतीने. आत्ताच आम्ही दोघी गावी, मसुऱ्याला घरी पोचलोय आणि मी लगेच लिहितेय.

कवळी सैल झाल्यापासून आई कुणाच्या पंगतीला बसत नव्हती. म्हणून पक्के दात लावायचं ठरलं. पण खुर्चीशेजारचा तो यंत्राचा हात बघून ती घाबरली. "गो, ह्या माज्या तोंडात जातला?"

डॉक्टरबाईंनी ऐकलं. "काकी, ड्रिल मीच धरणार. यंत्र फक्त माझ्या हाताला ठरलेली जागा सोडू देत नाही. भीती वाटली तर हात वर करा, मी थांबेन."

मध्येच आईने खरंच हात वर केला. सगळं थांबलं. "दुखतंय?" तिने मानेनेच नाही म्हटलं आणि काचेबाहेर उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी मला गाऊन, मास्क घालायला लावून आत बसवलं. बाकीचं सगळं तिने माझा हात घट्ट धरून निभावलं.

येताना फोंडाघाटात बधिर ओठांनी म्हणाली, "मशीन बरा आसा गो. पण ता माका वळखना नाय." तिला ओळखणारा एक हात हवा होता, एवढंच.

उपचार चालू असताना तुमच्या माणसाजवळ डॉक्टरांनी तुम्हाला कधी असं बसू दिलंय का? नसेल, तर पुढच्या वेळी विचारून तरी बघा.