पोट रिकामं झालं, तरी रक्त तपासायचं

त्या सकाळी आम्ही दोघांनी नातीला न्हाऊ घातलं. माझी बायको सुमन पाय लांब करून पाटावर बसली, पोर तिच्या पायांवर पालथी. मी तांब्यानं पाणी ओतत होतो. "हळू ओता. बैल नाही धूत तुमी," ती म्हणाली. मग तिला खोकला आला आणि पोरीच्या पाठीवर रक्ताचे थेंब पडले. मी पाणी ओतलं. ते वाहून गेलं.

मी चौथी शिकलो. दवाखान्यात जे ऐकलं तेच लिहितो. कोणाच्या कामी पडलं तर पडो.

हे सगळं आधीच्या पावसाळ्यात, पेरण्या झाल्यावर सुरू झालं. सुमन सत्तेचाळीसची. पाळी थांबली. वयानं थांबली असेल, असं आम्ही समजलो. मग उलट्या सुरू झाल्या, पाणीही टिकेना. मधूनमधून तपकिरी रक्त जायचं. हात कापायचे. दोन-अडीच महिन्यांत पोट पाच महिन्यांचं दिसायला लागलं, तेव्हा वाटलं दिवसच गेलेत. लेक सासरी, तिलाही तेव्हा दिवस गेलेले. मायलेकी एकदमच, म्हणून सुमन लाजेनं पदर घेऊन फिरायची.

राळेगावहून एसटीनं यवतमाळला गेलो. सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण घाई करत नव्हत्या. म्हणाल्या, "काका, हे बाळ नाही. याला मोलर प्रेग्नन्सी म्हणतात. गर्भ नीट धरला नाही, बाळाला पोसणारी वार तेवढी वाढली. तिचे पाण्याचे फोड झाले, द्राक्षाच्या घडासारखे."

मी विचारलं, काहून झालं? त्यांनी सांगितलं, कोणाचा दोष नसतो. फार लहान वयात, नाहीतर चाळिशीनंतर दिवस गेले तर धोका जास्त. आधी एकदा झालं असेल तर पुन्हा होऊ शकतं. सुमन भिंतीकडे पाहत होती.

सक्शन केलं, म्हणजे भूल देऊन नळीनं पिशवी साफ केली. काढलेलं तपासायला पाठवलं. घरी सोडताना बाईंनी दोनदा बजावलं. दर आठवड्याला रक्ताची बीटा एचसीजी तपासणी करायची. पोटात गर्भ असला की रक्तात जे वाढतं, ते मोजतात. ते उतरून साफ गेलं पाहिजे. गेल्यावरही काही महिने तपासत राहायचं, आणि तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत.

आम्ही जात होतो. आकडा उतरत होता. गावात सुमननं सांगितलं होतं, दाताचं काम चालू आहे. शेजारीण म्हणायची, "बाई, बत्तीसच असतात नं? का तुले जास्त हायेत?" सुमन हसायची.

मग लेक बाळंतपणाला माहेरी आली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. एसटीची वेळ झाली तरी सुमन उठेना. मी चल म्हणालो.

"आता पोटात काहीच नाही, मंग कायची तपासणी?" ती म्हणाली. मी पुन्हा म्हणालो, तेव्हा तिनं दार लोटून घेतलं. "माझी कूस नासली हे बायांले समजलं तर मले बाळंतिणीच्या खोलीत येऊ देतीन का? माह्या पोरीची ओटी कोण भरन? नातवाले कोण न्हाऊ घालन?"

आमच्याकडे असं मानतात. मी चपला काढल्या. आकडा साफ व्हायला थोडंच राहिलं होतं.

तिनं ओटी भरली. नात झाली. शेक, डिंकाचे लाडू, मालिश, सगळं तिनंच केलं. खोकला आला तर शेगडीचा धूर म्हणायची.

रक्त पडलं त्या दिवशी पुन्हा यवतमाळ. छातीचा फोटो काढला, त्यात गोल गोल डाग. मग डोक्याचाही स्कॅन केला. त्याच डॉक्टरबाई. म्हणाल्या, "वारेच्या काही पेशी राहिल्या, त्यांचा कॅन्सर झाला. कोरिओकार्सिनोमा. रक्तातून फुफ्फुसात गेलाय, मेंदूतही आहे." मी विचारलं, तेव्हा येत राहिलो असतो तर? त्या म्हणाल्या, "आकडा चढताना दिसला असता. तेव्हा कीमोच्या सुया दिल्या की बहुतेक बाया बऱ्या होतात, काका."

कीमो म्हणजे कॅन्सरचं औषध शिरेतून देतात. सुरू केलं. केस गळले. सुमन विचारायची, पोरीला कोण न्हाऊ घालतं? मी म्हणायचो, शेजारीण. एका दुपारी डोकं फार दुखतं म्हणाली. मेंदूत रक्तस्राव झाला. मी बाहेर बाकड्यावर होतो, चहा हातात होता. आत बोलावलं तेव्हा तो तसाच घेऊन गेलो.

डॉक्टरबाईंनी आम्हाला खरं सांगितलं, दोनदा सांगितलं. त्यांचे उपकार आहेत. म्हणून मीही सांगतो. असं कोणाच्या घरी झालं, तर लपवू नका. पोट साफ झालं म्हणजे संपलं नाही. तपासणीला जा. बाया काय म्हणतील ते म्हणू द्या.

माती देऊन आलो, त्या रात्री लेकीला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीवर पाणी ठेवलं. बसायला आलेल्या बाया ओट्यावर होत्या. कोणी उठायच्या आत मी पाट मांडला, धोतर गुडघ्यांवर घेतलं, पाय लांब केले. लेकीनं पोर माझ्या पायांवर पालथी ठेवली आणि तांब्या घेतला.

"बाबा, जमन तुमाले?"

"ओत," मी म्हणालो. "हळू ओत."